अधांतरी मुळांची वीण

ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या जंगलात यानोमामी बायका ‘वी’ नावाची टोपली विणतात. तिच्याकडे पाहताना नजर आधी रंगावर जाते. शेंद्रीच्या बियांचा तांबडा रंग, त्यावर काळे ठिपके, वर्तुळं, नागमोडी रेघा. अंगावर रंगवायच्या नक्षीशी जवळचं नातं सांगणारी ही चित्रं आहेत. तरी या टोपलीचं खरं देखणेपण मला रंगाखाली दिसतं, तिच्या रेषेत.

ती रेषा हेटेरोप्सिस नावाच्या वेलीच्या मुळांतून येते. ब्राझीलमध्ये हिला ‘सिपो-तितिका’ म्हणतात. वेल आपल्या अळवाच्या कुळातली. बी जमिनीवर रुजतं, रोप झाडावर चढतं आणि मग उंचावरून मुळं खाली सोडतं. ना फांदी, ना पान. मूळ ओळंब्यासारखं सरळ उतरतं. मातीला टेकून जून झालं की ते चिवट होतं. तोडणारे असंच मूळ निवडतात, आणि त्यातही कमी गाठींचं. हिरवी, कोवळी मुळं लोंबती ठेवायची. सगळीच ओढून काढली तर वेल मरते, आणि तोडलेल्या मुळांच्या जागी नवी यायला वर्षं लागतात. विणकामातली पहिली समज इथे, झाडाखालीच दिसते.

साल सोलून मूळ उभं चिरलं की लांबच लांब, लवचीक पट्ट्या निघतात. वीण पीळदार असते. दोन बाणे जोडीनं चालतात. प्रत्येक ताण्याला एक पुढून, एक मागून कवेत घेतो, आणि पुढच्या ताण्याआधी दोघे जागा बदलतात. हात जरा सैल पडला तर लगेच दिसेल अशी ही वीण आहे. बुडापासून काठापर्यंत गोलाई वाढत जाते, कुठे कोपरा नाही. या टोपलीला सालीचा पट्टा लावतात, तो कपाळावर घेतात, आणि केळी, कंद, सरपण पाठीवरून घरी येतं. इतक्या नाजूक दिसणाऱ्या विणीनं एवढं ओझं पेलावं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

घरांचे वासे आणि खांबही याच मुळांनी बांधतात. शेजारच्या येक्वाना बायका यांतूनच ‘वुवा’ नावाची टोपली विणतात, मधे कंबर असलेली. डौलदार आहे ती, पण मला ‘वी’चा भरीवपणा अधिक भावतो. शहरांतल्या बाजारासाठी या मुळांच्या खुर्च्याही होतात. तिथे मूळ लाकडी सांगाड्यावर नुसतं गुंडाळलेलं असतं. टोपलीत मात्र दुसरा सांगाडाच नाही, उभंही मूळच आणि आडवंही मूळच.

यानोमामींच्या मातुराका भागातल्या टोपल्यांमध्ये आणखी एक काळी रेघ दिसते. ती रंगवलेली नाही, विणलेली आहे. जंगलातल्या कुजत्या पानांत एक बुरशी काळे, चकचकीत, केसासारखे धागे पसरते. बायका त्यांना ‘पेरिसी’ म्हणतात, वेचून आणतात आणि फिकट मुळांच्या विणीत गुंफतात. रंगवलेल्या रेघेला कडा असते; ही रेघ विणीबरोबरच वळते, ताण्याआड जाते, पुन्हा वर येते. शास्त्रज्ञांनी या बुरशीला ‘मरास्मियस यानोमामी’ असं नाव दिलं आहे, आणि तिच्याविषयी यानोमामी बायकांनी स्वतः केलेलं पुस्तकही आहे.