ऐतिहासिक कादंबरीची समीक्षा : रोमन जग
प्राचीन रोमन जगावरील कादंबरीच्या मूल्यमापनात तपशिलांची अचूकता ही पहिली कसोटी होय. तथापि ती पुरेशी नाही. साधने जेथे मूक होतात तेथे लेखक काय करतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. बुलवर-लिटनच्या द लास्ट डेज ऑफ पाँपेई (१८३४) या कादंबरीत उत्खनित वास्तूंचे वर्णन विपुल आहे. पण पात्रांच्या भावना लेखकाच्याच काळातील वाटतात. रॉबर्ट ग्रेव्ह्‌जची आय, क्लॉडियस (१९३४) ही सम्राटाच्या लुप्त आत्मचरित्राची जागा कल्पनेने भरते. तीत लिव्हियाने केलेल्या विषप्रयोगांचा टॅसिटसने सूचित केलेला प्रवाद वस्तुस्थिती म्हणून येतो. कादंबरी त्यामुळे प्रभावी होते. मात्र हा फरक वाचकास दाखविणे हे समीक्षकाचे काम होय.

मराठी वाचकास ही कसोटी जुन्नर येथील बौद्ध लेण्यांवरून पडताळता येते. तेथील ब्राह्मी लेखांत इरिल, चिट व चंद या यवनांची अनुक्रमे पाण्याची दोन टाकी (पोढी), भोजनमंडप व लेण्याचा दर्शनी भाग ही दाने नोंदलेली आहेत. त्यांच्या आयुष्याविषयी लेख काहीच सांगत नाहीत. ‘यवन’ हा शब्द मूळचा ग्रीकांचा वाचक असून पुढे इतर परकीयांनाही लावला गेला. त्यामुळे इरिल रोमन होता, असे लेखावरून ठरत नाही. कल्याण बंदरातून नाणेघाटमार्गे त्यास जुन्नरला आणण्याचे स्वातंत्र्य कादंबरीकारास आहे. ती कल्पना इतिहास म्हणून स्वीकारण्याचे स्वातंत्र्य समीक्षकास नाही.