बुरेकास आणि ब्युरेक

बुरेकास खाल्ला नाही असा माणूस आपल्या इस्राएलात शोधून सापडायचा नाही. लोद असो, अश्दोद असो की दिमोना, बसच्या अड्ड्याजवळ काचेच्या पेटीत तो मांडलेला असतोच. चीजचा त्रिकोणी, बटाट्याचा चौकोनी, वर तीळ. सोबत उकडलेले अंडे आणि खारवलेली काकडी. आम्ही या देशात नवे होतो तेव्हा आम्हांला तो पाहताक्षणी ओळखीचा वाटला. मुंबईला इराण्याकडे खारी मिळायची. तिच्या पोटात बटाट्याची भाजी भरली की झाला बुरेकास! पुष्कळ वर्षे आम्ही याच समजुतीत होतो. पदार्थ वाईट नव्हे, पण त्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असेही त्यात काही नाही, असे आमचे मत होते.

ते मत बदलले आमच्या शेजारणीमुळे. बाई अल्बानियातल्या व्लोरा गावच्या. १९९१ साली तिथले बहुतेक सारे यहुदी इकडे आले, त्यांत त्याही. आज त्यांचे वय आमच्याहूनही जास्त. त्यांच्याकडे पहिल्यांदा ‘ब्युरेक’ खाल्ला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. नाव तेच, पण ताटातली वस्तू निराळी.

ब्युरेकचे पीठ म्हणजे मैदा, मीठ, पाणी आणि चमचाभर तेल. बाकी काही नाही. लाटणे आपल्या लाटण्यापेक्षा बारीक आणि हातभर लांब. त्याला त्या ओक्लाई म्हणतात. पारी अर्धी लाटली की ती या लाटण्याभोवती गुंडाळायची आणि दोन्ही तळवे मधून बाहेर फिरवत न्यायची, पुन्हा उलगडायची, पुन्हा गुंडाळायची. शेवटी खालच्या टेबलक्लॉथवरची फुले दिसली पाहिजेत. आपल्याकडे पातळपणाची अशी परीक्षा फक्त मांड्याची होते. अशा दहाबारा पाऱ्या गोल थाळ्यात खाली, मग सारण, मग दहाबारा वर. प्रत्येकीवर तेलाचा वा लोण्याचा हात. सारण मात्र बेताचे. ग्यीझ नावाचे तिकडचे दुधाचे खारट चक्क्यासारखे पनीर, नाहीतर पालक, क्रेशा, लाल भोपळा, आणि वसंतात अंगाला लागला तर आग होते असा एक रानपाला. मांसाचा असेल तर भरपूर कांदा.

भट्टी नसे तेव्हा हा ब्युरेक चुलीवर ‘साच’खाली भाजत. साच म्हणजे लोखंडाचे घुमटासारखे झाकण, वर निखारे. आमच्या कुलाबा जिल्ह्यातल्या वाचकभगिनींना हे नवीन वाटणार नाही. खाली-वर निखारे ठेवून आपल्या आयांनीही पातेल्यात भाजले आहे. उत्तर अल्बानियात आणि कोसोवोत ‘फ्ली’ नावाचा एक पदार्थ तर पूर्णपणे या झाकणाच्या उष्णतेवरच होतो. पातळ पिठाचा एक थर ओतायचा, तापलेले झाकण ठेवायचे, उचलायचे, साय लावायची, दुसरा थर. असे तास न् तास. अंगणात बसून, गप्पा मारत.

आता टीका. बुरेकासचा दोष सारणात नाही, पिठात आहे. दुकानातला बुरेकास बात्सेक आलीमचा, म्हणजे पानापानांच्या पिठाचा असतो. त्याचे थर हाताने लाटलेले नसतात. मार्गारीन घालून पीठ घड्याघड्यांनी दुमडले की भट्टीत ते आपोआप फुगते. वरून डौल दिसतो, आत हवा. दात लावला की अर्धा तुमच्या शर्टावर. ब्युरेक फुगत नाही. वरचा पदर कुरकुरीत, मधले मऊ, आणि तळाशी सारणाचा रस मुरलेला. तो पिठाचा पदार्थ आहे, सारण त्याला चव देते. इकडे उलट झाले आहे. पीठ हे नुसते पाकीट, आणि त्याची चव लागत नाही म्हणून आत मीठ जास्त.

मार्गारीनचा आम्ही सरसकट निषेध करीत नाही. लोणी नसले की बटाट्याचा बुरेकास मांसाच्या जेवणानंतरही चालतो, हे काश्रूत पाळणाऱ्या घराला सोयीचे आहे. नोकरी करून घर सांभाळणाऱ्या सुनेला गोठवलेली पिशवी उपयोगी पडते, तेही खरे. पण तेल लावलेला हाताचा ब्युरेकही पारवेच असतो. म्हणजे कारण धर्माचे नाही, कारखान्याचे आहे. कारखान्याला गोठवता येते ते पीठ हवे.

काही विद्वान म्हणतात, हे सगळे मुळात तुर्कांचे, त्यात अल्बानियाचे काय? शब्द तुर्की आहे, कबूल. १९१२ पर्यंत सुमारे साडेचार शतके तिथे तुर्कांचे राज्य होते. पण बोस्नियात जाऊन ‘चीजचा बुरेक’ मागा, लोक रागावतील. तिथे बुरेक फक्त मांसाचा. चीजची ती सिर्नित्सा, पालकाची झेल्यानित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा. बल्गेरियात तिचे नाव बानित्सा, आणि नव्या वर्षाला तिच्यात भविष्याच्या चिठ्ठ्या लपवतात. अल्बानियात सारण कोणतेही असो, ब्युरेकच. चपाती सर्वांचीच म्हणून कोकणातली आणि खानदेशातली पोळी एक होत नाही.

जाता जाता भाषेची गंमत. लादिनोत एकवचन बोरेका, अनेकवचन बोरेकास. हिब्रूने अनेकवचनालाच एकवचन मानले आणि वर ‘बुरेकासीम’ केले. आपण ‘एक लेडीज आल्या’ म्हणतो तसे! ती जुनी बोरेका अर्धचंद्राची असे, कडेला मुरड घातलेली. आपल्या करंजीशेजारी ठेवली तर सख्खी बहीण वाटेल.

ही बोरेका इकडे आणली बाल्कनच्या यहुद्यांनी. १९४८-४९ साली बल्गेरियातले बहुतेक यहुदी आले, याफोत त्यांची मोठी वस्ती झाली. सालोनिकाचे यहुदी मात्र १९४३ साली आउशविट्झला नेले गेले, मासेदोनियाचे सात हजारांहून अधिक त्रेब्लिंकाला. त्या घरांतली लाटणी तिथेच थांबली. अल्बानियात मुसलमान आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांनी यहुद्यांना घरांत लपवले, म्हणून तिथले जवळजवळ सारे वाचले. यासाठी तरी या पदार्थाकडे आपण जरा आदराने पाहावे.

पण आपल्या देशाने काय केले? साठ-सत्तरच्या दशकांतल्या स्वस्त, रडव्या-हसव्या सिनेमांना नाव पडले ‘बुरेकास चित्रपट’. म्हणजे हलका माल. आपल्यापैकी अनेकांनी ते सिनेमे आवडीने पाहिले आहेत. सिनेमे कसे होते हा वाद वेगळा. पण ज्याने चार तास खपून केलेला ब्युरेक खाल्ला असेल त्याच्या तोंडी ही शिवी आली नसती. ती अड्ड्यावरच्या बुरेकासवरून सुचलेली शिवी आहे.

ब्युरेकबरोबर तिकडे धाल पितात. धाल म्हणजे आपले ताकच, मीठ घातलेले. चीजच्या ब्युरेकशी ते फार छान लागते. सगळेच मात्र आपल्याला चालणारे नाही. दह्यात भाजलेले कोकराचे मांस, ताव कोसी, ही एल्बासानची प्रसिद्ध डिश आपल्या घरात येणे शक्य नाही, आणि आम्हांला त्याचे दुःखही नाही.

शेजारणीची नात अधूनमधून येते, पण लाटायला बसत नाही. गेल्या महिन्यात बाईंचा हात दुखत होता म्हणून आम्हीच ओक्लाई घेतली. आमची पहिली पारी फाटली, दुसरी फाटली, तिसरीचा नकाशा झाला. बाईंनी एकही टाकू दिली नाही. चांगल्या पाऱ्या तळाला आणि वर लावायच्या, फाटक्या मध्ये, असा त्यांच्याकडे नियमच आहे म्हणे. सारण क्रेशाचे होते. आमच्या पाऱ्या कोणत्या, ते खाताना आम्हांलाही ओळखता आले नाही.