'रीड' या क्रियापदाची व्याप्ती

इंग्रजीतील 'रीड' आणि मराठीतील 'वाचणे' ही जोडी शाळेत एकदा मनात बसली की ती पुढे सुटत नाही. समीक्षेच्या परिभाषेतील एका घोटाळ्याचे मूळ या जोडीत आहे.

प्राचीन इंग्रजीत या धातूचा अर्थ मसलत देणे, तर्काने उलगडणे असा होता. १०१६ मध्ये वारलेल्या एथेलरेड राजाला चिकटलेले 'अनरेडी' हे विशेषण मुळात 'मसलतीत उणा' अशा अर्थाचे आहे. कोडे या अर्थाचा 'रिडल' शब्दही त्याच कुळातला. जर्मन भाषेने सल्ला देणे व तर्क करणे यांसाठी 'राटेन' राखले आणि वाचण्यासाठी 'लेझेन', म्हणजे वेचणे, हा वेगळा धातू घेतला. इंग्रजीने मात्र लिहिलेले अक्षर हेच उलगडावयाचे कोडे मानले. आपले 'वाचणे' संस्कृत 'वच्' धातूचे, म्हणून मुखाशी बांधलेले.

इंग्रजीत हात, चेहरा, तापमापक आणि विद्यापीठातील इतिहास हे सारेच 'रीड' करता येते. आपण हात पाहतो, चेहऱ्यावरून ओळखतो, पारा पाहतो, इतिहासाचा अभ्यास करतो. ('रीडर' या जुन्या विद्यापीठीय पदास 'वाचक' न म्हणता 'प्रपाठक' म्हणणाऱ्याची जाण पक्की होती.)

समीक्षेत मात्र हा विवेक सुटतो. अर्नेस्ट जोन्स यांनी १९४९ च्या ग्रंथात 'हॅम्लेट'चा मनोविश्लेषणात्मक उलगडा केला. त्यास 'फ्रॉइडवादी वाचन' म्हटले, तर जोन्स यांनी नाटक वाचले एवढेच कळते. त्यांनी ते लावले. श्लोक लावणे, पोथी लावणे हे प्रयोग आपल्याकडे असता ही उसनवारी कशासाठी?

तथापि इंग्रजी शब्दाच्या संदिग्धतेत एक मर्म आहे, ते नाकारता येणार नाही. हॅम्लेटच्या पहिल्या स्वगतात १६२३ च्या फोलिओत देहाला 'सॉलिड', म्हणजे घन, असे विशेषण आहे; १६०४-०५ च्या क्वार्टोत तेथे 'सॅलीड' आहे, आणि त्यावरून कित्येक संपादक 'सलीड', म्हणजे मलिन, असा पाठ घेतात. इंग्रजीत हा पाठही 'रीडिंग' आणि त्यावरून ठरणारा अर्थही 'रीडिंग'. देह जड की विटाळलेला, हे ठरविणारा संपादक पाठ निवडता निवडताच नाटकाचा अर्थ ठरवीत असतो. आपण 'पाठ' आणि 'अर्थ' वेगळे ठेवतो. त्यात स्पष्टता येते, पण हा सांधा झाकला जातो.

'लावणे' या क्रियापदाचे नाम समीक्षेस वापरावे, तर 'लावणी' शाहिरांनी केव्हाच उचलली आहे. तूर्त 'अन्वयार्थ' यावर भागवावे लागेल.