स्वस्त खाट आणि अदृश्य यजमान

प्रवासी कोठे गेला आणि त्याने काय पाहिले, हे प्रश्न प्रवासवर्णनाची समीक्षा नेहमी विचारते. तो रात्री कोठे निजला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अल्पखर्ची प्रवासाच्या लेखनात मात्र मुक्कामाची जागा ही निव्वळ पार्श्वभूमी नसते. ती निवेदकाच्या विश्वासार्हतेचा पुरावा म्हणून संहितेत येते. ला पाझ, कुस्को, लिमा या शहरांतून पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्यांच्या लेखनात ढेकणांची खाट, गार पाण्याची न्हाणी आणि कडी नसलेले दार यांची वर्णने पुन्हापुन्हा येतात, ती याच कारणाने. ज्याने गैरसोय सोसली त्याने 'खरा' देश पाहिला, असा संकेत या वर्णनांमागे उभा असतो.

हा संकेत रूढ होण्यात मार्गदर्शिकांचा वाटा मोठा आहे. ज्योफ क्राउदर यांची 'साउथ अमेरिका ऑन अ शूस्ट्रिंग' ही लोन्ली प्लॅनेटची मार्गदर्शिका १९८० साली निघाली. अशा पुस्तकांच्या परिभाषेत 'बेसिक' हे विशेषण मध्यवर्ती आहे. वरकरणी ते खोलीचे वर्णन करते. प्रत्यक्षात ती खोली कोणाच्या नजरेतून पाहिली जात आहे, हेच ते सांगते. बोलिव्हियात 'आलोहामिएन्तो' म्हणून ओळखली जाणारी साधी निवासस्थाने बाजारात माल घेऊन येणारे, कामासाठी शहरात उतरणारे, ट्रक हाकणारे अशांच्याही उपयोगाची असतात. त्यांच्या दृष्टीने तेथील रात्र हा 'अनुभव' नसतो; ती केवळ रात्र असते. शेजारच्या खाटेवरचा हा माणूस बॅकपॅकरच्या संहितेत क्वचितच बोलतो. खाट चालवणारी बाई तर बहुधा दरापुरतीच उरते.

'स्वस्त' हे विशेषणही याच रीतीने तपासले पाहिजे. स्वस्ताई हा शहराचा गुण नसून दोन चलनांमधील संबंध आहे. अर्जेंटिनात १९९१ पासून एक पेसो कायद्याने एका डॉलरशी बांधलेला होता. डिसेंबर २००१ मध्ये बँकांतील ठेवी काढण्यावर निर्बंध आले, जानेवारी २००२ मध्ये ती बांधणी सुटली आणि काही महिन्यांतच डॉलरला तीनहून अधिक पेसो पडू लागले. ब्वेनोस आइरेसमधील खाट तीच होती, भिंतीही त्याच होत्या. ज्यांची बचत बुडाली त्यांच्या नुकसानीलाच परदेशी पाहुण्याच्या भाषेत 'स्वस्ताई' हे नाव मिळाले. स्वस्ताईला शहराच्या स्वभावात जमा करणारी संहिता हा इतिहास पुसून टाकते.

या पार्श्वभूमीवर अर्नेस्तो गेव्हारा यांच्या १९५२ च्या प्रवासाची टिपणे, म्हणजे 'द मोटरसायकल डायरीज' या नावाने परिचित झालेले पुस्तक, पुन्हा वाचण्याजोगे ठरते. गेव्हारा आणि आल्बेर्तो ग्रानादो यांच्यापाशी पैसे नव्हते, हे त्याचे वेगळेपण नव्हे. गेव्हारा वैद्यकाचा विद्यार्थी होता, परतायला त्याला घर होते. त्याचे दारिद्र्यही बव्हंशी निवडलेलेच. वेगळेपण यजमानाच्या दृश्यतेत आहे. पोलीस ठाणी, रुग्णालये, अनोळखी घरे अशा ठिकाणी त्यांना आसरा मिळतो, आणि तो कोणी दिला हे संहिता सांगते. फुकट खाण्यापिण्यासाठी योजलेल्या क्लृप्त्याही ती लपवीत नाही. पाहुणा यजमानाला वापरून घेतो, याची कबुली येथे आहे. मार्गदर्शिकेच्या तटस्थ शैलीत तिला जागाच नसते.

चिलीच्या वाळवंटातील प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. कामाच्या शोधात निघालेले एक कम्युनिस्ट खाणकामगार जोडपे थंडीत पांघरुणाविना असते. दोघे मित्र आपल्यापैकी एक घोंगडी त्यांना देतात आणि उरलेल्या एकीत स्वतः रात्र काढतात. क्षणभर पाहुणाच यजमान होतो. येथे गैरसोय निवेदकाचे भांडवल राहत नाही. निवडलेले आणि लादलेले दारिद्र्य शेजारी ठेवले जाते आणि त्यांतील अंतर वाचकाला जाणवते.

मार्गदर्शिका आणि रोजनिशी हे भिन्न लेखनप्रकार आहेत, त्यांची तुलना अन्यायाची आहे, असा आक्षेप येऊ शकतो. तो अंशतः मान्य करावा लागेल. मार्गदर्शिकेने खाटेचा दर सांगावा, हे तिचे कामच आहे. प्रश्न उद्भवतो तो तिची परिभाषा आत्मकथनपर लेखनात शिरते आणि दरालाच अनुभवाचे माप मानू लागते तेव्हा. मेरी लुईस प्रॅट यांनी 'इम्पीरियल आइज' (१९९२) मध्ये मांडलेली 'संपर्कक्षेत्रा'ची कल्पना येथे उपयोगी पडते. विषम सत्ता असलेले समाज जेथे समोरासमोर येतात असे क्षेत्र म्हणून त्या संपर्ककक्षेकडे पाहतात. या अर्थाने सामायिक खोली हे अशा क्षेत्राचे सर्वांत लहान रूप होय.

लॅटिन भाषेत 'होस्पेस' हा एकच शब्द यजमान आणि पाहुणा या दोहोंसाठी होता. हॉस्टेल आणि हॉस्पिटल हे दोन्ही शब्द त्याच कुळातले. त्या शब्दातील परस्परता खाटेच्या दरात शिल्लक राहत नाही, ती लेखनातच राखावी लागते. म्हणून अशा प्रवासलेखनाचे मूल्यमापन करताना लेखकाने किती कष्ट सोसले यापेक्षा, त्याला आसरा देणारा माणूस त्याच्या वाक्यात कर्ता म्हणून येतो की नाही, हे पाहणे अधिक उचित ठरेल.