गांजा-कमिशनचा रिपोर्ट आणि त्याचे वाचक

गांजाच्या सेवनाला कायद्यानें मोकळीक द्यावी, कीं हल्लींची बंदी आहे ती अधिक कडक करावी, हा वाद आपल्याकडे मधून मधून उसळतो आणि चार दिवसांनीं निवतो. २०२० च्या डिसेंबरांत औषधाकरितां गांजाची लागवड करूं देण्याचा विचार गोव्याच्या सरकारदरबारीं चालल्याचें प्रसिद्ध झालें, तेव्हां तो उसळला. २०२१ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें, इतर पिकांना भाव मिळत नाहीं असें कारण देऊन, दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी कलेक्टरकडे मागितली, तेव्हां पुन्हा उसळला. अशा वेळीं मोकळीक मागणारा पक्ष बहुधा एका जुन्या पुस्तकाचा हवाला देतो, आणि बंदीचा कैवारी तें पुस्तक परक्या सरकारनें आपल्या तिजोरीसाठीं लिहविलें म्हणून बाजूला सारतो. हें पुस्तक म्हणजे १८९३-९४ च्या इंडियन हेंप ड्रग्ज कमिशनचा रिपोर्ट. ज्या ग्रंथाचें नांव इतक्या जणांच्या तोंडीं आहे तो प्रत्यक्षांत काय सांगतो, हें पाहणें टीकाकाराचें काम आहे. म्हणून तें आम्ही येथें हातीं घेत आहों.

ग्रंथाचा जन्म विलायतेंतील एका प्रश्नापासून झाला. १८९३ च्या मार्चांत पार्लमेंटांत बंगालमधील गांजाविषयीं चौकशीची मागणी झाली. हिंदुस्थान सरकारनें ती बंगालपुरती न ठेवतां सर्व देशाला लागू केली आणि त्याच वर्षाच्या जुलैंत सात जणांचें कमिशन नेमलें. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष. सभासदांत चार युरोपियन व तीन एतद्देशीय. कमिशन प्रांतोप्रांतीं फिरलें, ११९३ साक्षीदारांचे जबाब त्यानें मिळविले आणि १८९४ च्या ऑगस्टांत आपला रिपोर्ट सादर केला. सुमारें तेरा महिन्यांत एवढें काम उरकणारें कमिशन आज पाहावयास मिळणें कठीण, एवढें म्हणून या इतिहासाची रजा घेतों.

ग्रंथाचें खरें वैभव त्याच्या निष्कर्षांत नसून त्याच्या शोधाच्या रीतींत आहे, आणि ती रीत वेड्यांच्या इस्पितळांविषयींच्या प्रकरणांत सर्वांत स्पष्ट दिसते. गांजानें माणूस वेडा होतो, ही समजूत तेव्हांही सर्वत्र होती, आणि तिला आधार म्हणून इस्पितळांचे सरकारी तक्ते दाखविले जात. तक्त्यांत वेडाचें कारण लिहावयाचा एक रकाना असे व त्यांत वर्षानुवर्षें ‘गांजा’ हा शब्द भरला जाई. कमिशननें हे आंकडे जसेच्या तसे न घेतां विचारलें : हा शब्द लिहिला कोणीं, आणि कशावरून? उत्तर मासलेवाईक निघालें. रोग्याला आणून पोंचविणाऱ्या पोलिसानें किंवा मॅजिस्ट्रेटानें जें कारण कळविलें, तेंच बहुधा पुस्तकांत उतरत होतें. रोग्याजवळ चिलीम सांपडली किंवा तो बैरागी असला, कीं कारण ठरलें! १८९२ सालीं देशांतील इस्पितळांत नवे दाखल झालेले रोगी १३४४. त्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें खापर तक्त्यांनीं गांजाभांगेवर फोडलें होतें. कमिशननें एकेका रोग्याची हकीकत पुन्हा तपासली, आणि २२२ चे राहिले ९८.

हे दोन आंकडे आमच्या मतें सर्व ग्रंथाचें सार आहेत, आणि आजचे दोन्ही पक्ष त्यांतला एकेकच वाचतात. मोकळीकवाला म्हणतो, २२२ खोटे ठरले. खरें आहे, पण ९८ उरले, हें तो सांगत नाहीं. बंदीवाला ९८ हातांत धरतो, आणि निम्म्याहून अधिक माणसांच्या माथीं एक लेखनिक नुसत्या संवयीनें कलंक लावीत होता, हें विसरतो. सरकारी कागदांतील शब्दाला पुरावा समजूं नये, आणि कागद खोटा ठरला म्हणून दुःखही खोटें समजूं नये, असा हा दुहेरी धडा आहे.

कमिशनचा निर्णय थोडक्यांत असा : माफक सेवनापासून शरीर, मन वा नीति यांस म्हणण्यासारखी इजा होत नाहीं, अतिसेवनापासून होते, माफक सेवन हा सामान्य प्रकार असून अतिसेवन हा अपवाद आहे. सबब सर्वस्वी बंदी नको. ती केल्यास लोक दारूकडे किंवा धोत्र्यासारख्या अधिक घातुक विषाकडे वळतील, व भांगेला कांहीं ठिकाणीं धर्माचरणांत स्थान असल्यामुळें असंतोषही माजेल. पण बंदी नको याचा अर्थ मोकळीक द्या, असा कमिशननें कोठेंही केलेला नाहीं. त्यानें आदर्श म्हणून पुढें ठेवली ती बंगालची पद्धति. राजशाही जिल्ह्यांत नौगांव येथें (हें गांव आज बांगला देशांत आहे) परवान्याशिवाय कोणी गांजा पेरूं शकत नसे. निघालेला माल नजरेखालीं गोदामांत जाई, त्यावर कर बसे, आणि परवानेवाल्या दुकानांतूनच तो विकला जाई. आमच्या खानदेशाला लागून असलेल्या निमाडांत खांडवा हें मध्यप्रांताच्या गांजाचें असेंच केंद्र होतें. शेत, गोदाम, कर आणि दुकान या चार भिंतींच्या आंत कमिशननें आपली सहिष्णुता बसविली होती. त्या भिंती पाडून आंतली वस्तु तेवढी उचलणें म्हणजे ग्रंथाचा आधार घेणें नव्हे.

आतां दोष. ११९३ साक्षीदारांपैकीं ४६७ मुलकी अधिकारी व ३३५ डॉक्टर-वैद्य. म्हणजे दोन तृतीयांश साक्षी अशा लोकांची, ज्यांनीं गांजेकसाला कचेरीच्या किंवा दवाखान्याच्या खिडकींतून पाहिलें. खुद्द चिलीम ओढणाऱ्या मजुराचा, त्याच्या बायकोचा, त्याच्या मुलांचा आवाज या ढिगांत फार क्षीण ऐकूं येतो. पगाराचे चार आणे चिलमींत गेले तर घरांत काय होतें, हें मॅजिस्ट्रेटापेक्षां त्या बाईला अधिक ठाऊक असणार. ‘माफक’ या शब्दाचें मापही त्यामुळें ओढणाऱ्याच्या प्रकृतीवरून ठरलें, घराच्या स्थितीवरून ठरलें नाहीं. शिवाय गांजाचा कर सरकारच्या खजिन्यांत पडत होता, आणि न्यायाधीशाच्या घरीं वादीचें अन्न शिजत असेल तर निकाल बरोबर असूनही संशय राहतोच. एतद्देशीय सभासदांपैकीं दोघांनीं, ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय व मुझफरनगरचे लाला निहालचंद यांनीं, बहुमताहून आपला मतभेद नोंदविला. रिपोर्टाचा हवाला देणाऱ्यानें या भिन्नमतपत्रिकाही वाचाव्यात, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

काळाचाही फरक आहे. गांजांतील मुख्य मादक द्रव्य १९६४ सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. तें अधिकाधिक साठेल अशा जाती नंतर निपजविण्यांत आल्या. पोरवयांत सुरू झालेल्या, नित्याच्या व जहाल सेवनाचा मनोविकारांशीं संबंध दिसतो, असें आजचें वैद्यक सांगतें. तो कितपत कारणाचा आणि कितपत सहवासाचा, याविषयीं वाद चालू आहे. १८९४ चा ग्रंथ प्रौढ मजूर, पैलवान आणि बैरागी यांच्याविषयीं बोलतो. कॉलेजच्या वसतिगृहांतील सतरा वर्षांच्या मुलाविषयीं त्यांत उत्तर शोधणें व्यर्थ आहे.

ग्रंथाकडून कायद्याकडे वळलें, म्हणजे त्या जुन्या पानांची आठवण अधिकच तीव्र होते. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें गांजा बंद करण्यास राष्ट्रांना पंचवीस वर्षांची सवड दिली, आणि आपल्याकडे १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा झाला. त्याची व्याख्या व्याकरणदृष्ट्या मोठी चमत्कारिक आहे : झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, पण त्याच झाडाचीं पानें व बीं, फुलोऱ्याविना असल्यास, गांजा नव्हे. म्हणून भांग या कायद्याच्या बाहेर राहिली. सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशांत गेलें कीं तिचीं परवानेवालीं दुकानें आहेत; अलीकडे महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा तिलाही अडवितो. एकच झाड, पण डोंगराच्या या बाजूला एक धर्म आणि त्या बाजूला दुसरा! २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणींत, वर्षभरांत या झाडाचा कोणता ना कोणता कैफ केलेले सुमारें ३ कोटि १० लक्ष लोक आढळले. त्यांत भांगेचे २ कोटि २० लक्ष व गांजा-चरसाचे १ कोटि ३० लक्ष. कांहीं दोन्हींत मोडतात.

हा प्रश्न आम्हां खानदेशांतील लोकांना नुसता पुस्तकी नाहीं. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं ओळखलें जाणारें आमचें सोनगीर मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. तोच रस्ता पुढें नरडाण्यावरून शिरपुरास जातो. शिरपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं कपाशी-तुरीच्या आड गांजाचीं झाडें पोलिसांनीं उपटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षें येतात. कायद्यानें बाळगणाऱ्याचे तीन वर्ग केले आहेत : एक किलोपर्यंत गांजा असेल तर शिक्षा वर्षापर्यंत किंवा नुसता दंड, वीस किलोंहून अधिक असेल तर निदान दहा वर्षें, मधल्यांना दहा वर्षांपर्यंत. परंतु लागवड करणाराला हें तारतम्य लागू नाहीं. झाडें चार असोत कीं चारशें, कलम एकच, आणि त्याची कमाल मर्यादा दहा वर्षें. बी आणून देणारा, माल उचलणारा आणि शहरांत विकणारा यांचीं नांवें बातमींत क्वचित् येतात. शेतांत उभा असलेला मात्र झाडासकट सांपडतो. त्यानें पाप केलें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तें पीक कोणाच्या तरी मुलाच्या फुप्फुसांत जाणार, हें त्याला ठाऊक असतें. पण कपाशीऐवजीं त्यानें तें कां लावलें, उचल कोणाकडून घेतली, आणि नफ्याचा किती भाग त्याच्या हातीं आला, हें विचारणारा रकानाच आपल्या कागदांत नाहीं. १८९२ च्या तक्त्यांत ‘गांजा’ हा शब्द लिहून जसें वेडाचें कारण संपत होतें, तसें आज तो पंचनाम्यांत लिहून गुन्ह्याचें कारण संपतें.

परदेशांचे दाखले दोन्ही पक्ष देतात, आणि ते दोघांनाही पुरतात. कानडानें २०१८ सालीं प्रौढांना सेवनाची मोकळीक दिली. थायलंडनें २०२२ सालीं बंधन काढलें आणि २०२५ सालीं वैद्यकाच्या चिठ्ठीचें बंधन पुन्हा घातलें. यांतून सिद्ध होतें तें इतकेंच कीं, आधीं कुंपण घालून मग फाटक उघडणें आणि आधीं फाटक उघडून मग कुंपणाची शोधाशोध करणें, यांत फार अंतर आहे. नौगांवच्या गोदामवाल्यांना हें १८९४ मध्येंच कळलें होतें.

आमचा अभिप्राय असा. कमिशनचा निष्कर्ष आज उसना घेतां येत नाहीं. त्याची रीत मात्र घ्यावी. मोकळीक किंवा कडक बंदी यांपैकीं कांहींही ठरविण्यापूर्वीं महाराष्ट्रानें आपली स्वतःची साक्ष घ्यावी, आणि या वेळीं ती खिडकींतून घेऊं नये. शिरपूरच्या पाड्यावरील शेतकरी, व्यसनांत सांपडलेला मुलगा, त्याची आई, तुरुंगांतला हमाल आणि मनोविकारांचा डॉक्टर यांना एकाच तक्त्यांत बसवावें. तोंपर्यंत निदान एवढें करतां येण्याजोगें आहे : लावणारा, ओढणारा आणि व्यापार करणारा हे तीन निराळे मनुष्य आहेत, हें कायद्यानें लागवडीच्या कलमांतही ओळखावें. तेवढ्यानें गांजा कमी होईल असें वचन आम्ही देत नाहीं. पण लेखणीच्या संवयीनें तुरुंगांत जाणारे कमी होतील, आणि तेंही लहान काम नव्हे. सव्वाशें वर्षांपूर्वीं परक्या सरकारच्या नोकरांनीं २२२ कागद एकेक करून उलगडले. आपल्या राज्यांत तितके कष्ट आपण आपल्या माणसांसाठीं घेऊं नयेत, याला सबब सांपडणें कठीण आहे.