शिवणीतली माया

माझ्या कमरेचा घेर ४४ इंच आहे. हे मी इतक्या सरळपणे सांगतो आहे याचं कारण, ते लपवण्याचे सगळे उपाय आता थकले आहेत.

निमित्त झालं भाचीच्या लग्नाचं. हल्ली बोहल्यावर नवरानवरीच्या जोडीला 'थीम' नावाची तिसरी व्यक्ती उभी असते. भाचीने फर्मान काढलं, "मामा, सगळ्या पुरुषांनी १९५० च्या सुमाराचे कपडे घालायचे." मी मनातून खूश झालो. आमच्या घरात वडिलांचा १९५६ सालचा एक फोटो आहे. बेंबीपर्यंत चढलेली, पुढे दोन-दोन चुण्यांची पँट, खांद्यावरून गॅलिस आणि ऐसपैस सदरा. देहाने वडील जवळजवळ माझ्याइतकेच संपन्न. पण फोटोत ते लठ्ठ दिसत नाहीत, वजनदार दिसतात. या दोन शब्दांत किती इंचांचं अंतर असतं, ते मोजायला मी बाजारात निघालो.

पहिल्या दुकानात 'व्हिंटेज' अशी पाटी होती आणि पँटीला ४,९९९ रुपयांची चिठ्ठी. विकणारा पोरगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "अंकल, छत्तीसच्या पुढे नाही येत. हे स्लिम फिट आहे."

"पण मी स्लिम नाही."

"म्हणूनच म्हणतो ना, अंकल!"

यावर काय बोलणार? तरी त्याच्या आग्रहाखातर ट्रायल रूममध्ये गेलो. त्या खोलीला तीन बाजूंनी आरसे लावण्याची कल्पना ज्याची असेल, त्याला एकदा तरी ४४ इंचांची कंबर लाभो. मला तीन मी दिसले, आणि तिघांचीही पँट मांडीवर अडली होती.

दुसरं दुकान खास 'मोठ्या मापां'चं होतं. तिथे जाड माणसाविषयी दोन मतं आढळली. एक, तो कायम दुखवट्यात असतो, म्हणून सगळं काळं. दोन, तो अजून बालवाडीत आहे, म्हणून छातीवर अस्वलाचं चित्र. यांचा शर्ट रुंदीला मला बसला, पण बाह्या बोटांच्या पुढे लोंबू लागल्या आणि खांदे दंडावर उतरले. माणूस आडवा वाढला की त्याच हिशेबाने उभाही वाढतो, असं या कारखानदारांचं गणित आहे. मी आडवा वाढत होतो त्या साऱ्या काळात माझी उंची मात्र ५ फूट ५ इंचांवर निर्धाराने थांबून होती.

आता टीकेचा खरा मुद्दा. आजच्या पँटीने कंबर सोडली आणि ती पोटाखाली जाऊन राहिली. सडपातळ माणसाला त्याचं काही वाटत नाही. माझ्यासारख्याच्या बाबतीत मात्र पोट वर, पट्टा खाली आणि मधे सीमावाद! पट्टा आवळावा तर पोट पुढे, सैल सोडावा तर पँट खाली. जुन्या पँटीचा न्याय वेगळा होता. ती बेंबीवर बसे, पोटाला पोटात घेई, आणि छातीपासून बुटापर्यंत एकच सलग रेघ सोडी. बसलं की चुण्या उघडत, उठलं की मिटत. गॅलिस असले की पँट खांद्यावरून लोंबते, कमरेला चावत नाही. १९४२ सालच्या 'कासाब्लांका'त सिडनी ग्रीनस्ट्रीट पाहा. एवढा अवाढव्य गृहस्थ, पण पडद्यावर आला की खुर्च्यासुद्धा अदबीने उभ्या आहेत असं वाटतं. कोटाआतल्या जाकिटाचं शेवटचं बटण उघडं ठेवायची रीत तर इंग्लंडच्या सातव्या एडवर्डच्या पोटावरून पडली, असं म्हणतात. पोटाला बटण जुमानेना, तेव्हा दरबाराने बटणाला सुट्टी दिली. राजाला स्लिम फिट दाखवला नाही.

कापडाची कंजुषी तेव्हाही झाली होती, नाही असं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश सरकारने कापड वाचवण्यासाठी पुरुषांच्या पँटीच्या पायाची दुमड बंद केली. लोक इतके चिडले की लांब पँटी घेऊन घरी दुमडू लागले. १९४४ मध्ये सरकारने माघार घेतली. ते निदान हिटलरशी लढत होते. आजचे कारखानदार चुण्या, घेर आणि वरची तीन इंच कंबर वाचवून कुणाशी लढत आहेत? माझा संशय आहे, माझ्याशीच.

नवं मिळेना म्हणून जुनं शोधायला चोरबाजारात गेलो. मटण स्ट्रीटवर ग्रामोफोनच्या कर्ण्यापासून झुंबरापर्यंत सगळं होतं, पण जो कोट हाती आला तो ३६ छातीचा. मला प्रश्न पडला, त्या काळात जाडी माणसं नव्हतीच की काय? मग त्यांचे कपडे गेले कुठे?

घरी परतताना उत्तर सापडलं. मोठी पँट ही आमच्या घरात पँट नव्हतीच. ते कापड होतं. वडिलांची एक पँट जुनी झाली की तिच्यातून माझ्या दोन अर्ध्या चड्ड्या निघत. बारीक माणसाच्या पँटीतून काहीच निघत नाही, म्हणून ती टिकते आणि पुढे 'व्हिंटेज' होते. थोडक्यात, माझा वारसा मी स्वतःच चौथीत असताना घसरगुंडीवर फाडला होता.

सौभाग्यवतींनी मात्र माळ्यावरच्या ट्रंकेतून आईने जपून ठेवलेली एकच पँट काढली. फोटोतलीच! "अहो, एवढे हिंडलात त्यापेक्षा शिंप्याकडे का जात नाही?" हा प्रश्न बायका नेहमी शेवटी विचारतात.

गिरगावातल्या एका गल्लीत एक म्हातारे मास्तर अजून मशीन चालवतात. त्यांनी ती पँट उलटी केली, मागची शिवण दोन बोटांत धरली आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही बघा माया!" शिवणीच्या दोन्ही अंगांना दीड-दीड इंच कापड दुमडून ठेवलेलं होतं. "पँट एकेचाळीसची आहे. उसवली तर चव्वेचाळीस होते. ज्याने शिवली त्याला ठाऊक होतं, माणूस वाढणार." मग माझ्या अंगावरच्या तयार पँटीची शिवण त्यांनी चाचपली. "हिच्यात नाही. आतून कापून ओव्हरलॉक मारलेलं. वाढलात की टाकून द्या!"

मी बराच वेळ त्या दुमडलेल्या कापडाकडे पाहत राहिलो. बाहेरून विटून गेलेल्या पँटीचा मूळ राखाडी रंग तिथे तसाच होता. वडिलांना ती माया कधी लागली नाही. माझ्या मापाला मात्र ती अगदी बरोबर पुरत होती.

पण कापड विरलं होतं. उसवलं असतं तर हातात आलं असतं. मास्तरांनी तिचं माप उतरवून घेतलं. मंगलदास मार्केटातून मी ४५० रुपये मीटरचं दीड मीटर कापड आणलं, ६७५ रुपये झाले. शिलाई ७००. एकूण १,३७५. कोटाचा नाद सोडला. गॅलिस पाहिल्यावर कोट कोण विचारतो?

शेवटी मास्तरांनी कानावरचा खडू काढला आणि विचारलं, "माया किती ठेवू, साहेब?"

मी म्हटलं, "वडिलांइतकीच. दीड इंच."

त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लग्नात जेवण आहे ना? दोन ठेवतो."