कोजागिरीची कथा आणि दारावरचें नवें

आश्विनी पौर्णिमेवर आपल्याकडे जें लिहिलें जातें, त्यांत चांदणें पुष्कळ असतें, आटीव दूध असतें, केशर व जायफळ यांचा दरवळही असतो. नसतें तें धान्य. कोंकणांतील हळवें भात ज्या सुमारास कापणीस येतें, त्याच सुमारास हा सण यावा, हा केवळ योगायोग समजावयाचा काय? हा प्रश्न न विचारल्यामुळें आपल्या लेखकांच्या हातून कोजागिरीवर अन्याय घडला आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम व्रताची कथा घेऊं. मगध देशांतील वलित नांवाचा एक दरिद्री ब्राह्मण. बायको मोठी कजाग. श्राद्धाचे पिंडदेखील तिनें घाणींत फेंकले, तेव्हां विटून तो अरण्यांत निघून गेला. तेथें आश्विनी पौर्णिमेच्या रात्रीं नागकन्यांनीं त्यास फासे खेळावयास बसविलें. त्याच रात्रीं लक्ष्मी 'को जागर्ति', म्हणजे कोण जागा आहे, असें विचारीत फिरत होती; तिच्या प्रसादानें त्याचे दिवस पालटले. या कथेंतील जागरण द्यूताचें आहे. व्रतविधींतही लक्ष्मी व इंद्र यांची पूजा, पोहे, नारळाचें पाणी आणि अक्षक्रीडा हींच सांगितलीं आहेत. इतकें उघड असतांना हल्लींचे विवरणकार बजावतात कीं, 'जागा' म्हणजे ज्ञानानें व कर्तव्यबुद्धीनें जागृत! अर्थ सुंदर आहे. शाळेच्या बक्षीस-समारंभास शोभेल असाही आहे. परंतु तो कथेंतला नव्हे. फाशांची लाज वाटते म्हणून ते पदराखालीं झांकणें हें टीकाकाराचें काम नाहीं. शेती हाच मुळीं पावसाशीं खेळलेला जुगार, म्हणून हे फासे, अशीही उपपत्ति एखाद्यास सुचेल. आम्हांसही ती एकदां सुचली होती; पण पोथींत तिला आधार सांपडला नाहीं, तेव्हां ती मुकाट्यानें सोडून दिली.

आधार आहे तो दुसरीकडे. आश्वलायन गृह्यसूत्रांत या पौर्णिमेचें 'आश्वयुजी कर्म' सांगितलें आहे. त्याची देवता पशुपति. त्यांत शिजविलेल्या अन्नाबरोबर तूप मिसळलेल्या 'पृषातक' नांवाच्या द्रव्याची आहुति द्यावयाची असते. (आजच्या आटीव दुधाचा पूर्वज त्यांत शोधण्याचा मोह आवरलेला बरा.) त्यास लागूनच आग्रयण, म्हणजे नव्या धान्याचा होम, येतो. काशीनाथ उपाध्याय यांनीं १७९० च्या सुमारास पुऱ्या केलेल्या 'धर्मसिंधू'तही कोजागरव्रत, आश्वयुजी कर्म, आग्रयण आणि ज्येष्ठ अपत्यास ओवाळणें हीं सारीं कृत्यें या एकाच पौर्णिमेच्या प्रकरणांत आहेत. धर्मशास्त्रकारासारख्या रुक्ष माणसास जें एकत्र दिसलें, तें आपल्या रसिक ललितलेखकांस दिसूं नये, याचें नवल वाटतें.

आणि हें पाहावयास पोथीही उघडावी लागत नाहीं. कोंकणांत हीच नवान्न पौर्णिमा होय. भाताच्या लोंब्या, नाचणी व वरी यांचीं कणसें, आंब्याचीं पानें, झेंडूचीं व कुरडूचीं फुलें एकत्र बांधून त्यांचें 'नवें' दारावर लावतात. नव्या तांदुळांचा नैवेद्य देवास दाखविल्यावांचून घरांत कोणी तो तांदूळ तोंडांत घालीत नाहीं. विदर्भांतील मुलींची भुलाबाई भाद्रपदी पौर्णिमेपासून महिनाभर गाण्यांत नांदून याच रात्रीं निरोप घेते, ती ज्वारीच्या धांड्यांच्या मंडपांतून. बंगाल्यांतही लक्ष्मीची पूजा याच रात्रीं होते आणि तिच्या पावलांशेजारीं अंगणांतील आलपन्यांत भाताच्या लोंब्या रेखितात. तिन्ही ठिकाणीं लक्ष्मी आहे ती कणसांतली. तिजोरींतली लक्ष्मी पंधरा दिवसांनीं, अमावास्येस, वेगळी पूजा घेते. या दोघींस एकच समजल्यानें कोजागिरीच्या लेखांत निष्कारण घोटाळा माजतो.

चांदण्यांतून दुधांत अमृत उतरतें या समजुतीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. रसायनशास्त्राची साक्ष तिला मिळावयाची नाहीं, आणि न मिळाल्यानें दुधाची गोडीही उणावत नाहीं. मात्र गच्चीवरील पेल्याभोंवतीं सगळें लेखन घोटाळत राहावें हें बरें नव्हे. त्याच चांदण्यांत, हातातोंडाशीं आलेलें भात रानडुकरांपासून वांचविण्यासाठीं, कोणी राखणदार शेतांतील माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवीत रात्र काढीत असतो. त्याच्या जागरणावर लिहिलेला कोजागिरीचा लेख अद्यापि आमच्या वाचनांत आलेला नाहीं.